आईची मोजणी

रात्री कंदील बारीक करण्याआधी आई आम्हाला मोजायची. माजघरात ओळीने घोंगड्या अंथरलेल्या असत आणि त्यांवर आम्ही भावंडे जशी पडू तशी झोपलेली असू. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर, कुणाचे डोके उंबऱ्याकडे. आई कंदील घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे जायची आणि ओठातल्या ओठात म्हणायची, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु." एंटु म्हणजे आठ. आठ भरले की कंदील खाली ठेवायची आणि दाराशी, गार वारा लागेल अशा जागी, स्वतः आडवी व्हायची.

आमचे घर मराठी. बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातले आमचे गावही मराठी. आईला कानडी यायचे ते बाजारापुरते. रानातून आणलेल्या पानांच्या पत्रावळ्या लावून ती बेळगावला विकायला न्यायची. ज्या दुकानदाराला ती त्या घालायची तो कानडी. पंचविसाची एकेक चवड तो मोजून घ्यायचा. एकदोनदा त्याच्या मोजणीत आणि तिच्या मोजणीत फरक पडला, तेव्हा आईने हट्टाने त्याचेच आकडे शिकून घेतले. पुढे ती त्याच्या बरोबरीने मोठ्याने मोजायची आणि फरक पडायचा थांबला.

पण मुले कानडीत का मोजायची? मी आठ-नऊ वर्षांचा असताना तिला हे विचारले होते. ती म्हणाली, "आपल्या भाषेत लेकरं मोजू नयेत. दृष्ट लागती."

"कुणाची?"

"आपलीच की. आदी मी मराठीत मोजत हुते. दोन गेली."

तिने दहा बाळंतपणे काढली. आठ मुले जगली. दादाच्या पाठीवरचा एक मुलगा आणि पुढे एक मुलगी, दोन्ही वर्षाच्या आतच गेली. त्यांच्याविषयी आई याहून जास्त कधी बोलली नाही. आज मागे वळून पाहताना वाटते, तिचे सगळे दुःख तिने त्या मोजणीत घालून ठेवले होते.

आईचा जन्म १९२८ चा, म्हणजे आजोबांनी सांगितलेल्या अंदाजाने. तिचे माहेर चंदगड तालुक्यातले. त्या काळी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात होते, बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात ठेवला. आईचे माहेर एका राज्यात राहिले आणि सासर दुसऱ्या. म्हैसूरचे पुढे १९७३ साली कर्नाटक झाले. आईला याचा हिशेब कधी लागला नाही. "मी कुठं हलली? मी हितंच हाय," एवढेच ती म्हणायची.

तिचा दिवस पहाटे चारला जात्यावर सुरू व्हायचा. गावात पिठाची गिरण आली तेव्हा मी शाळेत जायला लागलो होतो. त्याआधी नाचणी असो की जोंधळा, सगळे हातानेच दळायचे. आजी-आजोबा, बिनलग्नाचे एक काका, आप्पा, आई आणि आम्ही मुले, घरात तेराचौदा माणसे. दिवसाला तीस-पस्तीस भाकऱ्या लागत. भाकऱ्या बुट्टीत घालून ती बुट्टी आई उतरंडीच्या वर ठेवायची, कारण खाली ठेवली तर संध्याकाळपर्यंत टिकत नसे. आजारी असेल त्याला दही, रानात जाणाऱ्याला कांदा आणि चटणी, शाळेत जाणाऱ्याला ताकातली आंबील, असा तिचा कायदा होता आणि तो कुणालाही मोडता येत नसे. मोडला तर उलथने हाताशी असेच. माझ्या डाव्या मनगटावर अजून एक बारीक डाग आहे. तो उतरंडीवरच्या बुट्टीचा.

पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस असा लागतो की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. रोप लावणीला आई इरले घेऊन चिखलात वाकलेली असायची. लावणी संपली की रताळ्याचे वेल लावायचे, मग भांगलण, दिवाळीच्या सुमाराला रताळी काढायची, लगेच भाताची कापणी आणि मळणी. यातल्या कुठल्या कामात आई गरोदर होती आणि कुठल्या कामात नव्हती हे सांगणे कठीण. माझा धाकटा भाऊ मळणीच्या दिवसांत झाला. सकाळी आई खळ्यावर होती, दुपारी सुईणीला बोलावणे गेले. सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही रीत. आईच्या बाबतीत ती पहिल्या दोन बाळंतपणांनाच पाळली गेली असावी.

आईविषयी लिहिणारे सगळे लिहितात की ती सगळ्यात शेवटी जेवायची. आमची आईही शेवटी जेवायची. पण ती एकटी जेवायची नाही. शेवटी जेवणाऱ्या दोघी होत्या, आई आणि आक्का.

हे वाक्य लिहायला मला फार वर्षे लागली. बेळगावच्या एका कार्यक्रमात मी एकदा 'माझी आई' या विषयावर बोललो होतो. आठ मुलांना एकटीने वाढवणारी माउली असे काहीसे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी ते आईला मोठ्या कौतुकाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आक्काचं नाव घेतलंस?"

मी घेतले नव्हते.

आक्का आमच्यात थोरली. तिचा जन्म १९४६ चा. गावच्या मराठी शाळेत ती चौथीपर्यंत गेली. हुशार होती. तिची कविता पाठ असायची आणि अक्षर गुरुजी इतरांना दाखवायचे, असे तिच्या वर्गातले लोक पुढे सांगत. मी चालायला लागल्यावर तिने मला कडेवर घेऊनच शाळेत न्यायला सुरुवात केली. गुरुजी चालवून घ्यायचे. माझ्या पाठची बहीण झाल्यावर तीही कडेवर आली आणि मी बोटाला. १९५६ साली धाकटा भाऊ झाला तेव्हा मात्र आईने आक्काची शाळा बंद केली. आईने म्हणजे आईनेच. आप्पांनी काही सांगितले नव्हते. रानातली कामे, म्हातारे सासू-सासरे, तीन लहान मुले, आणि हाताशी दहा वर्षांची एक मुलगी. आईने तिच्या हातातली पाटी घेतली आणि बाळ दिले.

ती पाटी आमच्या घरात पुढे पुष्कळ वर्षे होती. लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला तडा गेलेली. चौकटीवर आक्काने खिळ्याने आपले नाव कोरले होते. १९५८ साली मी त्याच पाटीवर 'ग म भ न' गिरवले. माझ्यानंतर ती पाठच्या बहिणीकडे, मग धाकट्या भावाकडे गेली. खिळ्याने कोरलेले ते नाव आम्ही सगळ्यांनी बोटाखाली घेऊन अक्षरे शिकलो. ज्या मुलीचे ते नाव ती त्या वेळी विहिरीवर असायची, नाहीतर एखाद्या भावंडाला पायावर घेऊन न्हाऊ घालत असायची.

आक्काचे लग्न १९६३ साली झाले. सगळ्यात धाकटी बहीण तेव्हा वर्षाची होती. स्थळ बैलहोंगल तालुक्यातले. घर मराठ्यांचेच, पण घरात बोलणे कानडी. काळ्या रानाचे गाव, जोंधळा आणि कापूस. भाताच्या चिखलात वाढलेली आक्का त्या काळ्या ढेकळांत गेली आणि वर्षभरात कानडी बोलायला लागली. माहेरी आली की पहिले दोन दिवस तिच्या बोलण्यात कानडी शब्द यायचे. आम्ही हसायचो. ती पण हसायची.

आक्का गेल्यावर माजघरात आम्ही सात जण झोपायचो. आई कंदील घेऊन फिरायची आणि मोजायची. एळु झाले की क्षणभर दाराकडे बघायची आणि म्हणायची, "एंटु." मी एकदा म्हणालो, "आई, सातच आहोत आम्ही." ती म्हणाली, "आठवी तिकडं निजली असंल."

पुढची वर्षे भराभर गेली. दादाने शेती धरली, धाकट्या भावानेही. मी बेळगावला शिकलो आणि हायस्कुलात मराठीचा शिक्षक झालो. सगळ्यात धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला. बाकीच्या तीन बहिणी शाळा शिकल्या, दोघी सातवीपर्यंत आणि धाकटी मॅट्रिकपर्यंत. त्यांची लग्ने झाली. १९८६ साली कन्नड सक्तीच्या विरोधात सीमाभाग पेटला तेव्हा दादा त्यात होता. चार दिवस तुरुंगात राहून आला. आईने त्याला निघताना भाकरी बांधून दिली होती आणि परत आल्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

१९९३ साली आप्पा गेले. दोन वर्षांनी आम्ही भावांनी जमिनीचे बघायचे ठरवले. सगळी मिळून जमीन पाच एकर, त्यात चार भाऊ. बहिणींनी हक्क सोडल्याचा कागद करून द्यायचा, ही आमच्याकडे सगळीकडे चालत आलेली रीत. त्याला कुणी कायद्याची बाब समजत नसे. बहिणींना बोलवायचे, साडी-चोळी करायची, गोडाचे जेवण घालायचे, मग सही नाहीतर अंगठा घ्यायचा. बाँडरायटरने कागद कानडीत तयार करून दिला. साड्या मी आणल्या. शहापुरातून, चार, चांगल्या काठाच्या. त्या निवडताना मला काही वावगे वाटले नव्हते, हे मला इथे सांगितलेच पाहिजे.

मे महिन्याचे दिवस होते. चारही बहिणी आल्या. आक्काबरोबर तिचा मुलगा आला होता. तो धारवाडला शिकलेला, त्याचे सगळे शिक्षण कानडीत. मराठी बोलायचा, पण अडखळत. जेवणे झाली. सोप्यावर चटई टाकून सगळे बसले. दादाने कागद काढला आणि शाईचे पॅड आईपुढे सरकवले. आप्पांच्या मागे आईचेही नाव लागणार होते, तेव्हा तिचाही अंगठा हवा होता.

आईने पॅडकडे पाहिले आणि विचारले, "काय लिवलंय?"

"वाटणीचं हाय. घरचंच," दादा म्हणाला.

"वाच की."

दादाला कानडी बोलता येत होते, वाचता येत नव्हते. मलाही येत नव्हते. चारही भावांत एकालाही तो कागद वाचता येत नव्हता. आपली मराठी टिकावी म्हणून आम्ही मराठी शाळांत शिकलो, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण ज्या कागदावर बहिणींच्या सह्या घ्यायच्या तो आपण स्वतः वाचलेला नाही, हे त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आले.

आई आक्काच्या मुलाकडे वळली. "तू वाच रे, बाळा."

तो संकोचला. त्याने आपल्या आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तो वाचू लागला. कागदाच्या डोक्यावर होते, 'हक्कु बिडुगडे पत्र'. ते ऐकताच आईने हात वर करून त्याला थांबवले. एवढे कानडी तिला कळत होते. आणि हक्क हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच.

"म्होरं वाच. जमीन कुणाच्या नावावर ऱ्हाणार त्यांची नावं वाच."

तो नावे वाचू लागला. आई अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवत गेली. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. चौथ्या पेरावर अंगठा थांबला.

"नाल्कु? माझी आठ हायत."

दादा म्हणाला, "आई, पोरींची लग्नं करून दिली की आपण. त्यांचं त्यांच्या घरात हाय सगळं."

"ते त्यास्नी ठरवू दे. आदी त्यास्नी कळू तरी दे, कशावर अंगठा उठवतोय ते."

आक्का मध्येच बोलली, "नको ग आई. मला जमीन नको. मला माहेर पाहिजे." असे म्हणून तिने पॅड स्वतःकडे ओढले. बहिणी सह्या का करतात ते मला तिच्या त्या वाक्याने कळले. त्या जमीन सोडत नाहीत, माहेरचे दार उघडे राहावे म्हणून किंमत देतात.

आईने पॅड तिच्या हातातून काढून घेतले. मग जे बोलली ते आम्ही कुणीही आधी ऐकलेले नव्हते. "मी पण दिला हुता अंगठा. माझा बा मेला तवा. भावानं लुगडं नेसवलं, पुरणपोळी घातली, अंगठा घेतला. दुसऱ्या वरसापास्नं बोलावणं न्हाई. मला वाटलं, हद्द पडली म्हणून येत नसंल, दुसरं राज झालं म्हणून. हद्दीचं काय न्हवतं. त्याचं काम झालं हुतं. सहीवर टिकणारं माहेर कसलं माहेर, आक्का?"

कुणी काही बोलले नाही. आई दादाकडे वळली. "थोरल्या, हक्काचं द्या म्हणून तू तुरुंगात गेलास. मी भाकरी बांधून दिली. दिली का न्हाई? मग ह्या पोरीस्नी कोण बांधून देणार?"

दादा उठून परड्यात निघून गेला.

मला वाटले होते, मी सुटलो. मी शिकलेला, नोकरीवाला, मला जमिनीची हाव नव्हती आणि मी काही बोललोही नव्हतो. आईने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तू कुणाच्या पाटीवर शिकलास?"

मी उत्तर दिले नाही. उत्तर सोप्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"तिची पाटी मी काढून घेतली," आई म्हणाली, "तुम्ही न्हाई. तो गुन्हा माझा. तुम्ही आठ जण वाढला ते मी एकटीनं न्हाई वाढवलं. तिनं वाढवलं. तवा माझ्याजवळ दुसरा हात न्हवता. आता माझा अंगठा हाय. तो मी असा उठवणार न्हाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. आक्काची शाळा ज्या वर्षी बंद झाली त्याच वर्षी, १९५६ साली, आमच्या भागावर हद्दीची रेघ ओढली गेली, हे आम्ही भाषणांतून शेकडो वेळा सांगितले होते. पण त्याच वर्षी जून महिन्यात हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि बापाच्या वाट्यात मुलगी आणि विधवा आई मुलाच्या बरोबरीने वारस ठरली, हे आम्ही घरात कधी उच्चारले नव्हते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकात १९९४ साली आली, तीही आधी लग्ने झालेल्या मुलींना सोडून. देशभर ती २००५ साली झाली. पण आप्पांच्या स्वतःच्या वाट्यापुरता आक्काचा हक्क ती दहा वर्षांची असल्यापासून कायद्यात लिहिलेला होता. जो हक्क आम्ही सरकारकडे मागत होतो त्याला आम्ही तारीख-वार लावून ठेवले होते. जो हक्क आमच्याकडे मागितला जायला हवा होता त्याची तारीख आम्हाला माहीत नव्हती.

पुढे जे झाले ते सरळपणे झाले असे नाही. दादा दोन वर्षे आईशी तुटक बोलायचा आणि माझ्याशी अजिबात नाही. त्याचेही अगदीच चूक नव्हते. उन्हापावसात ती जमीन त्यानेच कसली होती. पाच एकरांचे तुकडे झाले तर त्यावर चूल कशी पेटायची हा त्याचा प्रश्न होता आणि त्याला माझ्यासारख्या पगारी माणसाकडे उत्तर नव्हते. शेवटी मी माझा वाटा त्याला आणि धाकट्या भावाला कसायला दिला, तेव्हा बोलणे सुरू झाले. फौजेतला भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईची बाजू घेतली. कागद नव्याने झाला. या वेळी आक्काच्या मुलाने तो आधी कानडीत आणि मग मराठीत सगळ्यांपुढे वाचला. दोन बहिणींनी सगळे समजून घेऊन, आपल्या मर्जीने हक्क सोडला. धाकटीने सोडला नाही. ती म्हणाली, "मला विकायची नाही, पण नाव असू दे." तिचे नाव आजही उताऱ्यावर आहे आणि ती दर वर्षी माहेरी येते. आईने आपला वाटा आक्काला दिला. दोघींचे मिळून पंचवीस गुंठे धरले, नदीकडचे, भाताचे. तो हिशेब काटेकोर कायद्याचा नव्हता, घरात बसून ठरवलेला होता.

त्या रानाची मोजणी झाली तो दिवस मला आठवतो. साखळी घेऊन माणसे आली होती. आई काठी टेकत बांधापर्यंत गेली आणि दगड रोवला जाईपर्यंत उन्हात उभी राहिली. आक्का मात्र आली नव्हती. तिला लाज वाटत होती म्हणे. घरी आल्यावर आई मला म्हणाली, "पाटीएवढं झालं बघ." पंचवीस गुंठ्यांना ती पाटीएवढे म्हणाली. मला ते तेव्हा कळले नाही.

ते रान धाकटा भाऊ कसतो. दर वर्षी दोन पोती भात बैलहोंगलला जाते. पहिल्या वर्षी ती पोती घेऊन कोण जाणार असा प्रश्न निघाला, तेव्हा दादाच उठला. आक्काच्या दारात टेम्पो थांबवून दादा खाली उतरला तेव्हा आक्काला रडू आवरेना, असे तिच्या मुलाने मला सांगितले. दादाने याबद्दल कधीही काही सांगितले नाही. तो आता नाही.

आई २०११ साली गेली, त्र्याऐंशी वर्षांची होऊन. शेवटच्या महिन्यात तिला माणसे नीट ओळखू येत नव्हती. आम्ही भावंडे आळीपाळीने उशाशी बसायचो. एका रात्री आम्ही सगळेच घरात होतो. आईचा अंगठा पेरांवर हलत होता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. आक्का तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली आणि मग तिने आमच्याकडे बघून मान हलवली. आठ भरले होते.

निवृत्त झाल्यावर मी कानडी अक्षरे शिकलो. सत्तावन्नाव्या वर्षी, आक्काच्या नातीकडून. ती तेव्हा पहिलीत होती आणि मला फार रागवायची. माझे मराठीचे प्रेम त्याने उणे झाले नाही. आता मला आमच्या जमिनीचा उतारा स्वतः वाचता येतो. त्यात भावांच्या नावांखाली आक्काचे नाव आहे, वळणदार कानडी अक्षरांत. शाळा सुटली तेव्हा पाटीच्या चौकटीवर राहिलेले तिचे नाव त्यानंतर पहिल्यांदा कुठे लिहिले गेले असेल तर ते इथे.

या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आयांनी सहा-सहा, आठ-आठ मुले वाढवली असतील. त्यांच्याविषयी जरूर लिहावे, बोलावे. पण बोलताना एकदा मोजून बघावे. तुमच्याही घरात एखादी आक्का असेल, जिची पाटी तुम्ही वापरली. तिचे नाव घेतले का, आणि ते नुसते तोंडानेच घेतले का, एवढे विचारावे.

आक्का आता ऐंशीच्या घरात आहे. भाऊबीजेला आम्ही उरलेले भाऊ तिच्याकडे जातो, तिला आता प्रवास झेपत नाही म्हणून. ओवाळून झाले की ती आम्हाला रांगेत बसवून वाढते आणि शेवटी स्वतः बसायला निघते. गेल्या वर्षी मी तिचे ताट आधी मांडले. ती म्हणाली, "हे काय रे नवीन?" मी म्हणालो, "आईने सांगितलंय."

ती बसली. आधी जेवली.